देवकाबाईचं अळणी

घागर फुटली ती अखजीच्या सकाळी, आणि तीही सगळ्यांदेखत.

अक्षय तृतीयेला अल्लीपूरच्या या घरात गेलेल्या बापाच्या, नानाजींच्या नावाची घागर भरायची ती धाकट्या चंद्रभानने. थोरला मधुकरराव वर्ध्याच्या ऑफिसात लागला, पिपरी मेघेत प्लॉट घेऊन राहिला, तेव्हापासून बापाला पाणी देण्याचा मान त्याच्याकडून सुटला तो सुटलाच. या वर्षी मात्र तो बायकोला, मंदाबाईला घेऊन, ऑफिसातल्या वासुदेवरावांची जीप मागून मुद्दाम आला होता आणि पाटावर बसलेल्या भावाच्या हातांकडे टक लावून पाहत होता. हात नुसते कापत नव्हते, झटके देत होते. चंद्रभानने घागर उचलली, गव्हाच्या लहानशा राशीपर्यंत कशीबशी नेली आणि तिथे ती निसटली. पाणी गव्हातून वाट काढत देव्हाऱ्याखाली गेलं. चंद्रभान काही तरी म्हणाला, पण जीभ जड होती, शब्द एकमेकांत अडकले. उठायला गेला तर भिंत धरावी लागली.

मधुकरराव पुढे झाला आणि भावाच्या तोंडाशी नाक नेऊन त्याने वास घेतला. जिल्ह्यात दारूबंदी होती म्हणून दारू मिळत नव्हती असं थोडंच आहे! पण वास काही आला नाही, आणि त्यामुळे त्याला जास्तच वाईट वाटलं. दारू असती तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

"मंग हे त्या गोळ्याईचंच काम हाय," तो म्हणाला. "चांगल्या मानसाचा वाळला पाला करून टाकला. आजपासून गोळ्या बंद. अन् याले नागपूरले मोठ्या दवाखान्यात ठेवू. तिथी ठेवून घेतात कायमचं."



चंद्रभानचं दोन वर्षांपूर्वी काय झालं होतं ते सगळ्या गावाला पाठ होतं. आधी त्याची झोप गेली. मग उभी वांगी उपटून त्याने तिथे शेवंती लावायला काढली. एका सोमवारी बैलबंडी भरून वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन हिंगणघाटच्या बाजाराला गेला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पिशवीत फुकट टाकत सुटला. परतताना बंडीपुढे बँडबाजा लावून आला. गाव आठवडाभर हसलं. दुसऱ्याचं घर जळताना शेकायला कुणाचं काय जातं? पण पावसाळा संपता संपता हसण्यासारखं काही उरलं नाही. चंद्रभान कापसाच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला. अंघोळ नाही, जेवण नाही, हाक मारली तरी ओ नाही. लीलाबाईने, त्याच्या बायकोने, घरातले दोर, कासरे, सगळे गोळा करून शेजारच्या तानाबाईकडे ठेवून दिले होते. कशासाठी, ते तानाबाईने विचारलं नाही आणि लीलाबाईने सांगितलं नाही.

मग वर्ध्याच्या डॉक्टर देवतळ्यांची गोळी सुरू झाली. माणूस हळूहळू खोलीतून ओसरीवर आला, ओसरीवरून विहिरीवर गेला. गेला सबंध हंगाम त्याने ढेमसं आणि टमाटे पिकवले, बाजारात भाव करून विकले, आणि हसण्यासारखं असेल तिथेच हसला. लीलाबाईला तेवढंच हवं होतं. आता ती चुलीशी उभी राहून बाहेरचं बोलणं ऐकत होती. गोळी बंद झाली तर ती खोली परत उघडणार, हे तिला ठाऊक होतं. आणि गोळी चालू ठेवली तर नवरा डोळ्यांदेखत असा विझत चालला होता.

अडचण अशी की भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, तोंडावर बोलायची या घरात रीत नव्हती. इतक्या वर्षांत लीलाबाई मधुकररावाशी जे काय बोलली असेल ते मंदाबाईमार्फत, डोक्यावरचा पदर पुढे ओढून. मंदाबाई ते आपल्या पद्धतीने वळवून सांगायची आणि त्यात लीलाबाईचं म्हणणं किती उरायचं ते देवच जाणे. दोघी जावांचं फार सख्य नव्हतं. मंदाबाईच्या घरी नळ होता, आणि तो ती कुठल्याही बोलण्यात आणायची.

मधुकरराव अंगणात येरझाऱ्या घालत होता. ऊन चढत होतं, विहिरीवरचं कुणाचं तरी इंजिन धडधडत होतं. त्याचा आवाज त्याला सोसेना. खरं म्हणजे त्याला सगळ्यात जास्त भीती चंद्रभानची वाटत नव्हती. पोरीच्या सोयरिकीचं चाललं होतं आणि पाहुण्यांनी 'घरात कोणाले काही आहे का' असं सहज विचारलं होतं, ती भीती होतीच. पण तिच्याही खाली एक होती, ती त्याने मंदाबाईलाही कधी सांगितली नव्हती. नानाजींनी, त्याच्या बापाने, एकाच उन्हाळ्यात वावरात तीन विहिरी खणायला घेतल्या होत्या. दिवसरात्र भजनं म्हणत होते, बैलजोडी कुणाला तरी देऊन मोकळे झाले होते. नंतर तेही असेच भिंतीकडे तोंड करून पडले. एकदा उठले, पुन्हा पडले, आणि शेवटी त्यातल्याच एका विहिरीत सापडले. मधुकर तेव्हा शाळेत होता. ऑफिसात बढती मिळाली त्या दिवशी आनंदाने त्याला झोप लागली नाही, आणि झोप लागली नाही म्हणून तो पहाटेपर्यंत घाबरून बसला होता. आनंद झाला तरी घाबरायचं, असं त्याचं आयुष्य चाललं होतं.

ओट्यावर देवकाबाई बसली होती, या दोघांची माय. तिने फुटक्या घागरीची खापरं पदरात गोळा केली होती आणि ती तशीच धरून होती. तिने कुणाचीच बाजू घेतली नाही. एवढंच म्हणाली, "आजचा दिवस जाऊ द्या. पित्राईले जेवू घाला आंधी. नेम पुरा होऊ द्या."

पानं वाढली. पुरणपोळी, कढी, वडे, चिंचवणी, वांग्याची भाजी. मंदाबाई घाईने वाढू लागली तर चुलीच्या कडेला ठेवलेली छोटी कढई तिच्या हाताला लागली. भाजी तोंडात घालून तिने तोंड वाकडं केलं.

"यात मीठच नाई टाकलं व, लीला."

"ते आत्याबाईचं हाय," लीलाबाईने नवऱ्याच्या पानाकडे पाहत सांगितलं. "अन् यायचं. पाडव्यापासून यायले बी अळणीच देतो."

मंदाबाईने मान डोलावली आणि कढई खाली ठेवली. सासूचं अळणी या घरात सगळ्यांनाच सवयीचं होतं. नानाजी गेल्यापासून देवकाबाईने मिठाचा खडा तोंडात घातला नव्हता. भाजीत मीठ पडायच्या आधी तिची वाटी काढायची, हे सुना घरात आल्या त्या दिवशीच शिकल्या होत्या. विधवेचा नेम असेल, असं सगळे धरून चालले. का, म्हणून कुणी विचारलं नाही.

चंद्रभान दोन घास जेवला आणि ते उलटीने बाहेर आले. उठून न्हाणीकडे जाताना तो झुलत झुलत भिंतीवर आदळला, खाली बसला आणि पापण्या मिटू लागला. लीलाबाईने हाक मारली तर त्याने भलत्याच कुणाचं नाव घेऊन ओ दिली.

मधुकरराव आत गेला, कोनाड्यातली गोळ्यांची बाटली घेतली आणि उकिरड्याकडे निघाला. तेव्हा लीलाबाई चुलीपासून उठली, ओसरी ओलांडून सरळ त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर होता तिथेच होता.

"दादाजी, मी बोलतो तुमच्याशी. गोळी फेकाची नाई. बंद कराची असन तं ज्यानं देल्ली त्यालेच विचारून बंद करू. तुमची जीप दारात उभी हाय. त्यायले नागपूरले न्याची तयारी होती ना तुमची? मंग वर्ध्याले न्या."

धाकट्या भावजयीचा आवाज असा आहे हे मधुकररावाला आजच कळत होतं. त्याने बायकोकडे पाहिलं. मंदाबाई हात धुऊन पदराला पुसत होती.

"पाह्यता काय माह्याकडे," ती म्हणाली. "जीप काढा. ते बराबर बोलून राह्यली."

देवकाबाई आली नाही. अखजीला पितर घरात असताना घर रिकामं सोडायचं नसतं, म्हणाली.

डॉक्टर देवतळ्यांचा दवाखाना लहान होता, चार खाटांचा. त्यांनी चंद्रभानला हात पुढे करायला लावले, सरळ रेषेत चालायला सांगितलं, त्याचं बोलणं ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. शरीरात औषध साठलंय, असं ते म्हणाले. रक्त तपासायला पाठवतो, पण तोवर थांबत नाही. लगेच सलाईन लावलं. गोळी तूर्त बंद. मग विचारलं, की गोळ्या जास्त घेतल्या का? नाही. दुसरं काही औषध? नाही. जुलाब, ताप? नाही. मग जेवणखाणात काही बदललं का?

"काईच नाई," लीलाबाई म्हणाली, आणि तिला ते अगदी खरं वाटत होतं. "घरातलंच. तुमी सांगतलं होतं नेहमीसारखं ठेवाले, तसंच ठेवलं."

मंदाबाई दाराशी उभी होती. ती एकदम म्हणाली, "अन् मीठ?"

डॉक्टरांनी वळून पाहिलं. लीलाबाईने सांगितलं, की ते नेमाचं आहे. सासूबाई किती तरी वर्षांपासून अळणीच जेवतात. त्यांनी केळझरच्या गणपतीला नवस बोलला होता, की पोराला आता गोळीची गरज पडू देऊ नको, त्याच्यासाठी पाडवा ते अखजी मायलेक दोघं अळणी राहू. त्यात बदल कसला? घरात ती कढई रोजच वेगळी असते. फक्त दुसऱ्या माणसाची भाजी त्यातून वाढली.

डॉक्टर खुर्चीत बसले. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "जेवण नेहमीसारखं ठेवा म्हणालो. मीठ असं नाव घेऊन सांगायला हवं होतं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. ही गोळी म्हणजे एक प्रकारचा क्षारच. आपली मूत्रपिंडं मीठ आणि हा क्षार यांत फारसा फरक करत नाहीत. मीठ नेहमीइतकं मिळतं तोवर जास्तीचं औषध लघवीवाटे निघून जातं. मीठ तोडलं, त्यात चैत्र-वैशाखाचं ऊन, वावरात घाम, की शरीर घाबरतं आणि मिठासारखं जे दिसेल ते धरून ठेवतं. औषधच साठत जातं आणि मग ते मेंदूवर चढतं. हात कापणं, जीभ जड होणं, तोल जाणं हे त्याचंच. आणखी थोडे दिवस गेले असते तर, एवढं बोलून ते थांबले.

"म्हंजे हे पागलपन नोहे?" मधुकररावाने विचारलं.

"आजचं हे नाही. दोन वर्षांपूर्वीचं होतं, पण तेही पागलपण म्हणू नका. तुमच्या विहिरीवर इंजिन आहे ना? त्याला वेग सांभाळणारा गव्हर्नर असतो. तो बिघडला की इंजिन एक तर सुसाट पळतं, नाही तर धुगधुगून बंद पडतं. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी अशाच क्षारांच्या आणि रसायनांच्या जोरावर बोलतात. काही माणसांत त्या बोलण्याची चाल सांभाळणारं काही तरी जन्मतःच नाजूक असतं. ही गोळी ती चाल धरून ठेवते. नेमकं कसं, ते मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही अजून पुरतं उमगलेलं नाही. पण जागा मेंदूत आहे, माणसाच्या नियतीत नाही, एवढं नक्की."

मधुकरराव बाहेर व्हरांड्यात गेला, परत आला, पुन्हा बाहेर गेला. मग डॉक्टरांना एकटं गाठून त्याने हे घराण्यात चालतं का ते विचारलं, आपल्या बापाचं सांगितलं, आणि शेवटी स्वतःचं. बढतीच्या त्या रात्रीचंही सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाले, असं घराण्यात चालतं हे खरं आहे. पण तुम्हाला व्हायचं असतं तर बहुधा एव्हाना झालं असतं. पोराबाळांत कुणाला झालंच तर लपवू नका, लवकर आणा. आणि आनंदाने एखादी रात्र झोप आली नाही तर त्याला आजार म्हणत नाहीत. मधुकररावाला हसू आलं आणि पाठोपाठ रडूही आलं. नळावर जाऊन त्याने तोंड धुतलं. भावाला नागपूरला टाकायला निघालो होतो, याची त्याला मनापासून लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मायला आणायला गेला. मिठाचं तिला कसं सांगावं हे त्याला वाटभर सुचलं नाही. डॉक्टर बोलावतात, एवढंच म्हणाला. देवकाबाई मांडीवर डबा घेऊन जीपमध्ये बसली.

चंद्रभान उशीला टेकून बसला होता. हात अजून कापत होते, पण त्याने मायला ओळखलं, माय म्हणून हाक मारली. देवकाबाई खाटेच्या पायाशी टेकली. डॉक्टरांनी तिला सगळं सांगितलं, आवाज न चढवता, देवाचं नाव मध्ये न आणता. ती खाली मान घालून ऐकत राहिली. आपल्या नवसाच्या जेवणाने लेक मरायला टेकला होता, एवढं तिला पुरतं कळलं. लीलाबाईला वाटलं, म्हातारी आता कोसळेल. पण देवकाबाईने विचारलं ते वेगळंच.

"मंग थ्याईले काय झालतं? यायच्या बाबाले."

डॉक्टरांनी झोपेचं विचारलं, विहिरींचं विचारलं, पडून राहण्याचं विचारलं. देवकाबाई एकेक सांगत गेली.

"हाच आजार होता, आजी," ते म्हणाले.

"नाई. तुमाले नाई मालूम." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. "थे पहिल्या बारीले पडले तवा मी केळझरच्या गणपतीले बोललो होतो. हे उठू दे, आमी दोघं महिनाभर अळणी राहू, तुह्या पायाशी येऊ. अन् थे उठले. मंग पेरणी आली, मंग दिवाळी. मी म्हनलं, करू पुढं. राह्यलं थे राह्यलंच. अन् दुसऱ्या बारीले थे पडले ते तिकडेच गेले. नवस माह्याच्यानं राह्यला. मीच मारलं थ्याईले."

मधुकररावाला आठवलं, मायची वेगळी वाटी. लहानपणापासून ती त्याच्या समोरून गेली होती.

डॉक्टर स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. "आजी, हा आजार जातो आणि परत येतो. तो तसाच असतो. नवस फेडला असता तरी तो आला असता. तेव्हा ही गोळी आपल्याकडे पोचली नव्हती. त्यांना मेंदूच्या दुखण्याने नेलं. तुम्ही काहीही केलेलं नाही."

"काईच नाई?"

"काहीच नाही."

सुटका झाली म्हणावं तर इतकी वर्षं उगाच वाहिलेलं ओझं समोर पडलेलं, आणि त्याच ओझ्यापायी लेकाला काठावर नेऊन आणलेलं. देवकाबाईला कशासाठी आधी रडावं ते कळेना, आणि म्हणून ती रडलीच नाही. तिने डबा उघडला. दोन कप्पे होते, एक सगळ्यांचा आणि एक अळणी. सवयीने तिने तसाच भरून आणला होता.

"डाक्टरसायेब, याले आता मीठ चालते?"

"चालतं नव्हे, हवंच. रोजच्याइतकं."

तिने सगळ्यांच्या कप्प्यातली भाजी चंद्रभानच्या ताटलीत वाढली. त्याचे हात धड नव्हते, म्हणून घास स्वतः भरवला. मग आपल्या पुढ्यातल्या अळणी भाजीकडे पाहत राहिली.

"केळझरले जाऊन सांगा लागन," ती म्हणाली. "नेम मोडला म्हणून."

"सांगू ना, आत्याबाई," लीलाबाई म्हणाली. "त्याले मोदक लागते, ते बी गोड. मिठाचं त्याले काय?"

चंद्रभान हसला. हसणं अजून जडच होतं, पण हसण्यासारखं होतं तिथेच तो हसला, हे लीलाबाईच्या लक्षात आलं.

देवकाबाईने आपली ताटली सुनेपुढे सरकवली. "टाक."

लीलाबाईने कंपाउंडरच्या बायकोकडून चिमूटभर मीठ मागून आणलं आणि जपून, निम्मंच, भुरभुरलं. देवकाबाईने कालवलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. सगळे तिच्याकडे पाहत होते. ती बराच वेळ चावत राहिली.

"खारट झालं व, लीला," ती कुरकुरली.

तिने दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, बोटाने ताटली पुसून घेतली आणि रिकामी ताटली पुन्हा सुनेपुढे धरली.